उपर्युक्त गृहस्थ

सोमवार, २ मार्च

चार दिवसांत तीन लाल पेनं गेली. एखाद्या संग्रहालयातून मुकुट गेला की चार देशांचे पोलीस एकमेकांना फोन करतात. माझ्या टेबलावरून लाल पेन गेलं की आमच्या घरातून एकच उद्गार निघतो, "खिशात बघा." मी खिशात पाहिलं. दोन्ही खिशांत मिळून एक रुमाल, एक किल्ली आणि माझा अपमान एवढंच निघालं.

ही रोजनिशी मी हौसेने सुरू केलेली नाही. संपादकांनी मला अपराधशास्त्राच्या सहा आठवड्यांच्या सायंवर्गाला घातलं आहे. गुन्हे बदलले, बातम्या मात्र त्याच, आता दर मंगळवारी आधुनिक गुन्ह्यांवर सदर हवं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पंचवीस वर्षं मी पाणीपुरवठा आणि रस्ते लिहिले, मला यातलं काय कळतं? ते म्हणाले, "तुम्ही संस्कृत घेऊन पदवीधर झालात ना? अपराध हा संस्कृतच शब्द आहे." या तर्काने मला उद्या वैद्यकीय सदरही मिळू शकतं. वर्गाच्या बाईंची अट आहे की प्रत्येकाने रोज दिसलेलं लिहून ठेवावं, लहानसहान का असेना. तर दिसलेलं असं, की पेन दिसत नाही.

घरात माणसं तीन. मी. माझी सौ., जी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात असल्यामुळे माणसाच्या आत काय आहे ते तिला बाहेरूनच कळतं. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, वय एक्क्याऐंशी, निवृत्त संस्कृत शिक्षक. मागच्या आठवड्यात दोन दिवस अण्णांचं काहीतरी बिनसलं होतं. जेवले नाहीत धड, खोलीचं दार लावून बसले, बाहेर पडायची मनाई आहे म्हणाले. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं असणार. माझ्या नव्या सदराविषयी मात्र त्यांना बरीच आस्था दिसली. "काय रे, माणसाला घरातल्या घरात, फोनवरून अटक करता येते का?" असं त्यांनी त्याच सुमारास विचारलं. मी त्यांना अटक या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

आता बरे आहेत. आज तर इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

बुधवार, ४ मार्च

पहिला वर्ग. बाई ठेंगण्या, आवाज इतका हळू की मागच्या बाकावरचेही झोपायचं विसरून पुढे झुकतात. पंधरा वर्षं तुरुंगांतून कैद्यांशी बोलण्यात गेली आहेत म्हणे. त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला. गुन्हा व्हायला तीन गोष्टी एका ठिकाणी, एका वेळी याव्या लागतात: घेऊ इच्छिणारा, घेण्याजोगं काही, आणि राखणदार नसणं.

"कोणी केलं हे शेवटी विचारा," त्या म्हणाल्या. "आधी विचारा, हे करता कसं आलं?"

मी हात वर केला. म्हटलं, हे तर आमच्या व्याकरणातलं कारक-प्रकरण झालं. कर्ता, कर्म, करण, सगळं आहे.

"मग अधिकरण विसरू नका," बाई म्हणाल्या. "कुठे आणि केव्हा. आणि राखणदार म्हणजे हवालदार नव्हे बरं का. सहज डोकावून जाणारा माणूसही राखणदारच."

घरी येऊन मी तपासाला शास्त्रशुद्ध बैठक दिली. घेण्याजोगी वस्तू, लाल पेन, टेबल बैठकीच्या खोलीत. राखणदार नसण्याची वेळ, सकाळी दहा ते एक: मी कचेरीत, सौ. रुग्णालयात. उरतात अण्णा. पण अण्णा त्या वेळी आपल्या खोलीत दार लावून असतात, म्हणजे त्यांना संशयातून वगळायला हरकत नाही.

सौ.ला हे सगळं त्रिकोणासकट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुमच्या वस्तू शोधायला शास्त्र लागत नाही. वाकावं लागतं."

वाकलो. पलंगाखाली एक निळं पेन मिळालं. ते हरवल्याचं मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, ६ मार्च

आनंदाची बातमी. अण्णांना विद्यार्थी मिळाला आहे.

सकाळी कचेरीला उशिरा निघालो, तेव्हा त्यांच्या खोलीवरून जाताना आवाज आला, "हस्ताक्षर नसलं तरी लेखनाला चारित्र्य असतं." मी थबकलो. अण्णांनी शिकवण्या बंद केल्या, त्यानंतर तब्बल बारा वर्षांनी हा आवाज ऐकला. संध्याकाळी विचारलं, कोण होतं?

"आहे एक. फोनवर असतो."

"काय करतो?"

"सांगतो तर सरकारी खात्यात आहे म्हणून. पत्रं लिहायचं काम. पण लेखन इतकं कच्चं की बघवत नाही."

"फी घेता की नाही?"

अण्णा हसले. "तो माझ्याकडून घेऊ बघत होता. मी म्हटलं, आधी विरुद्ध हा शब्द नीट लिहून दाखव."

हल्लीच्या पिढीला गुरूकडूनच फी हवी असते. तरी मला बरं वाटलं. आई गेल्यापासून अण्णा दुपारभर शब्दकोशाशी बोलत. आता कुणीतरी उत्तर देतं आहे.

मंगळवार, १० मार्च

पहिलं सदर आज छापून आलं आणि गाजलं, हे नम्रपणे नोंदवतो.

विषय, फोनवरची खोटी अटक. स्क्रीनवर गणवेशातला माणूस येतो, तुमच्या नावाने गुन्हा आहे म्हणतो, कॅमेरा सुरू ठेवायला सांगतो, कुणाशी बोलायला बंदी घालतो, आणि दोन-तीन दिवसांत माणसाला इतका पिळतो की तो आपण होऊन बँकेत जातो. पोलिसांनी मला अशा सतरा नोटिशी दाखवल्या. वाचून अंगावर काटा आला, पण गुन्ह्यामुळे नव्हे. दखलपात्रच्या जागी दखलपत्र. विरुद्ध तर सतरा ठिकाणी सतरा तऱ्हांनी. मग मला ते सुचलं जे शास्त्रज्ञांना सुचलं नव्हतं, आणि मथळा मिळाला: "ऱ्हस्व-दीर्घ पाहा, चोर ओळखा." नोटिशीत चूक दिसली की फोन ठेवा. सोपी, घरगुती, बिनखर्चाची कसोटी.

आमचे मुद्रितशोधक तर गहिवरले. यांना आख्खी कचेरी रफार म्हणते, कारण एकदा पहिल्या पानावर एक रफार सुटला म्हणून त्यांनी छपाई थांबवली होती. एकटा माणूस, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, डोळ्यांना चष्म्यावर चष्मा. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे, त्यासाठी कित्येक वर्षं पोटाला चिमटा काढतो आहे. त्याने सदर कापून आपल्या टेबलासमोर टाचणीने लावलं.

"बावीस वर्षं लोक मला म्हणतात, वेलांटीने काय जीव जातो का," तो म्हणाला. "आता दाखवतो त्यांना."

बाईंना वर्गात अंक दिला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, घडी घातली.

"छान लिहिता. पण तुम्ही खूण जाहीर केलीत. ती बदलायला त्यांना किती वेळ लागेल?"

"बाई, व्याकरण शिकायला वर्षं लागतात."

"एकट्याने शिकायचं तर," त्या म्हणाल्या.

विद्वानांना दुसऱ्याचा मथळा सहसा आवडत नाही.

गुरुवार, १२ मार्च

पेनांचा प्रयोग. टेबलावर पाच लाल पेनं ओळीने ठेवली, प्रत्येकाला बारीक दोरा बांधून दोऱ्याचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. आज दुपारी जेवायला घरी आलो. दोन पेनं नाहीत. दोरे सोडवून, त्यांच्या नीट गुंडाळ्या करून कोपऱ्यात ठेवलेल्या. अपराधी शिस्तीचा आहे.

सौ.कडे पाहिलं. ती म्हणाली, "क्ष-किरणाला लाल शाई लागत नाही. आणि दोऱ्याची अशी गुंडाळी या घरात एकच माणूस करतो."

"कोण?"

"जेवा आता," ती म्हणाली. तिचं हे असंच. अर्धं सांगून वरण वाढायला घेते.

अण्णांचा वर्ग भरात होता. दाराबाहेरून ऐकलं.

"उपरोक्त नाही. किती वेळा सांगू. उपरि अधिक उक्त. इ-चा काय होतो? ... अरे घाबरतोस काय, मी खातो की काय तुला. इ-चा य होतो. उपर्युक्त. रफार कुठे? य-वर. हं. आता सगळं पत्र परत लिहून पाठव."

माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप दुखली. दहाव्या वर्षी मी निबंधात उपरोक्त लिहिलं होतं. सगळं जग उपरोक्त लिहितं. न्यायालयं लिहितात, नगरपालिका लिहिते, प्रत्येक सरकारी कागद त्यानेच सुरू होतो. त्या दिवसापासून या शहरात उपर्युक्त लिहिणारी दोनच माणसं, अण्णा आणि पट्टीची आठवण असलेला मी. तिसरा रफार, पण तो लिहीत नाही, दुरुस्त करतो. आता चौथा तयार होतो आहे. परंपरा अशीच टिकते.

शनिवार, १४ मार्च

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने हटकलं. "तुमचे अण्णा रोज पानं छापून नेतात. विद्यार्थी फार लिहितो वाटतं."

घरी अण्णांना विचारलं, "म्हणजे बाहेर जायची मनाई उठली?"

"उठवून घेतली. मी म्हटलं, पान हातात असल्याशिवाय मला तपासता येत नाही. मग दिली परवानगी."

"कोणी, डॉक्टरांनी?"

"ज्याने मनाई घातली होती त्याने," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पुस्तकात तोंड खुपसलं.

डॉक्टर हल्ली पेशंटचा छंद विचारात घेतात. चांगलं आहे.

मंगळवार, १७ मार्च

दुसरं सदर. वाचकांची चौदा पत्रं. एका गृहस्थांनी स्वतःच्या जावयाच्या पत्रातल्या चुका मोजून पाठवल्या आहेत आणि पुढे काय करावं असं विचारलं आहे.

वर्गात आज फसलेल्या माणसांचा विषय. बाईंनी एका निवृत्त वैमानिकाची गोष्ट सांगितली. तीनशे माणसं घेऊन वादळातून विमान उतरवणारा माणूस स्वतःच्या घरात चार दिवस कॅमेऱ्यासमोर बसून राहिला. स्नानगृहात जायलाही परवानगी मागायचा. मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. बाई थांबल्या, ते हसू विरेपर्यंत.

"हे हसू आहे ना, याच्यावर चोर जगतात," त्या म्हणाल्या. "आपल्याला हसतील म्हणून माणूस सांगत नाही. आपण विचारतो, हा मूर्ख कसा बनला. विचारायला हवं, त्याच्याजवळ त्या वेळी कोण नव्हतं."

मी वहीत लिहून घेतलं. शेजारी हेही: गुन्हेगार जन्मत नाही, शिकतो, कुणाकडून तरी, कुणाच्या तरी सहवासात शिकतो. हे परीक्षेला येईल.

गुरुवार, १९ मार्च

रफार काल कचेरीत आला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. परिणामी आज आपल्या अंकात महापौरांनी पुलाचे उद्घाटन करण्याऐवजी फुलाचे केले, आणि एक मंत्री दुःखातून विसर्गासकट बाहेर पडले. हसून हसून पोट दुखलं. फोन केला, उचलला नाही.

शुक्रवार, २० मार्च

आजचा दिवसही तसाच गेला. "तब्येत बरी नाही," एवढंच लिहून पाठवलं त्याने. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नव्हता.

शनिवार, २१ मार्च

हसू येईल असं आज काही नाही, तरी लिहितो.

पूर्णविराम डोक्यातून जाईना म्हणून सकाळी अकराला रफारच्या घरी गेलो. त्याने साखळी न काढता फटीतून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी साखळी काढायला लावली. आत जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन, कॅमेरा सुरू, पडद्यावर एक रिकामी खुर्ची आणि भिंतीवर कसलंसं बोधचिन्ह. साहेब चहाला गेले होते. रफारची दाढी तीन दिवसांची.

"तू जा," तो पुटपुटला. "तुझंही नाव येईल यात."

"कशात? अरे, हे तेच आहे. मी लिहिलेलं. तू टाचणीने लावलंयस समोर."

"ते मला माहीत नाही का? म्हणूनच तर तपासलं." त्याने नोटीस पुढे केली. "तीनदा वाचली. तुझ्याच कसोटीवर. एक वेलांटी इकडची तिकडे नाही रे. अर्धविरामसुद्धा जागेवर. अशी भाषा चोराची असते?"

मी वाचू लागलो. सुरेख होती. वाक्यं आखूड, क्रियापदं जिथल्या तिथे. तिसऱ्या ओळीत "उपर्युक्त गृहस्थ" असे शब्द होते. मी त्या रफारावर बोट ठेवलं आणि माझी बोटं पुन्हा दुखली.

बाईंचं ऐकायला हवं होतं हे तेव्हा कळलं, पण ते कळून त्या क्षणी उपयोग नव्हता. रफारला भीतीपासून सोडवायचं तर त्याच्या भाषेतच बोलायला हवं होतं.

"मला एक सांग," मी म्हटलं, "सरकारी कागदावर हा शब्द तू कधी असा पाहिलास?"

त्याने चष्मा पुसला.

"बावीस वर्षांत. एकदा तरी?"

"नाही," तो सावकाश म्हणाला. "उपरोक्त असतं. दर वेळी मीच दुरुस्त करतो."

"मग?"

त्याने नोटीस घेतली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांशी नेली. "शुद्ध आहे," तो म्हणाला. "म्हणजे खोटी आहे." आणि आपल्या हाताने फोन बंद केला. मग खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

काल तो बँकेत जाऊन आला होता. अर्धे पैसे गेले होते, अर्धे सोमवारी द्यायचे होते. मी बाईंना फोन लावला. त्या हसल्या नाहीत, अरेरे म्हणाल्या नाहीत. पोलिसांचा तक्रारीचा नंबर सांगितला, बँकेला आत्ता, या मिनिटाला कळवा म्हणाल्या, "आणि त्यांना आज एकटं ठेवू नका." आम्ही चार वाजेपर्यंत दोन ठिकाणी बसलो. थोडे पैसे वाटेत अडकवता येतील असं बँकेतली मुलगी म्हणाली. किती, ते सांगता येत नाही.

परत येताना रफार म्हणाला, "उजव्या डोळ्याचे गेले. डाव्याचे आहेत अजून." मग थोड्या वेळाने, "पण लिहिलं कुणी असेल रे? कुणीतरी शिकवल्याशिवाय असं येत नाही."

रिक्षा आमच्या घरावरूनच जात होती.

रविवार, २२ मार्च

अण्णांनी कपाट उघडून दिलं. न मागता. अकरा नोटिशी, तारखेप्रमाणे लावलेल्या, लाल शाईने भरलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर गुण. पहिलीला दहापैकी दोन. शेवटचीला साडेनऊ.

"अर्धा का कापलात?" मी विचारलं. माणूस असल्या वेळी काय विचारेल सांगता येत नाही.

"चढू नये म्हणून."

सौ. दारात उभी होती. तिला पेनांचं पहिल्यापासून ठाऊक होतं. पण या कागदांचं तिलाही नव्हतं. तीही खाली बसली.

"अण्णा, तुम्हाला कळलं नाही हा कोण आहे?"

"पहिले दोन दिवस नाही कळलं. फार घाबरलो होतो. तुला विचारलंही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू व्युत्पत्ती सांगितलीस. छान सांगितलीस, चूक नव्हती."

मी खाली पाहिलं.

"तिसऱ्या दिवशी ती नोटीस नीट वाचली. दखलपत्र. मग भीती गेली, राग आला. त्याला म्हटलं, मेल्या, अटक करतोस तर धड भाषेत कर. फोन ठेवणारच होतो. तर तो म्हणाला, कसं लिहायचं ते सांगाल का?" अण्णांनी कागदांची कडा सारखी केली. "मला असं कुणी विचारून किती वर्षं झाली, तुला सांगू?"

"पण तो चोर आहे हे माहीत असून."

"मी चौतीस वर्षं शाळेत होतो. विद्यार्थी चोर असू शकतो."

मग मी त्यांना रफारबद्दल सांगितलं. डोळ्यांबद्दलही. अण्णा ऐकत होते, मधे एकदाही माझं वाक्य दुरुस्त केलं नाही. ऐकून झाल्यावर उठले, उशीखालून, शब्दकोशातून, सदऱ्याच्या खिशातून लाल पेनं काढली आणि एकेक करून माझ्या टेबलावर नेऊन ठेवली. सात होती, म्हणजे दोन गेल्याचं मला कळलंही नव्हतं. दोन शाई संपलेली.

मंगळवार, २४ मार्च

बाई घरी आल्या. मला वाटलं अण्णांना चार शब्द सुनावतील. त्यांनी अकरा कागद जमिनीवर पसरले आणि अर्धा तास गुडघ्यांवर बसून वाचत राहिल्या. प्रत्येकावर तारीख, वेळ, ज्या नंबरावरून आला तो नंबर. अण्णांनी हजेरीपटासारखं सगळं नोंदवलेलं.

"एवढा माल तुरुंगात पंधरा वर्षं बसून मला मिळाला नाही," त्या म्हणाल्या. "नोटीस कशी बदलली ते दिवसागणिक आहे. आता कुठल्याही गावात ही वाक्यं सापडली की कळेल, सगळ्यांचा उगम एकच." मग अण्णांना विचारलं, "माणूस कसा होता?"

"ष-चा श करायचा. हुशार. एक वाजता त्याला अर्धा तास सुट्टी असायची. मागून सारखे आवाज यायचे, पुष्कळ जण तेच तेच वाक्य म्हणताहेत, पाढे म्हटल्यासारखं. एकदा म्हणाला, गुरुजी, तुम्हाला बाहेर जायची परवानगी मी दिली, मला कुणी देत नाही."

बाईंनी तेही लिहून घेतलं. "खरं असेल. माणसं डांबून हे काम करून घेतात, अशी ठिकाणं आहेत. किंवा दया यावी म्हणून असं बोलायला शिकवलेलंही असेल. दोन्ही एकदम असू शकतं."

"त्याला शिक्षा होईल?"

"झाली तर बहुधा त्यालाच होईल. ज्याला व्हायला हवी तो स्वतः फोन करत नाही."

अण्णांनी मान हलवली. "त्या डोळेवाल्या गृहस्थांना मला भेटायचं आहे," ते म्हणाले.

शुक्रवार, २७ मार्च

पुढच्या मंगळवारचं सदर संपादकांनी आजच वाचायला मागितलं. मी शुद्धिपत्र लिहिलं आहे: माझी कसोटी चुकीची होती, ती मी मागे घेतो, चोर शुद्धही लिहितात, आणि त्यांना शुद्ध लिहायला माझ्या घरातून मदत झाली. खूण शोधत बसू नका. फोन ठेवा, आणि दुसरं काही करण्याआधी एका माणसाला सांगा.

"एवढं घरचं कशाला लिहिता?" संपादक म्हणाले. "कोण वाचतं शुद्धिपत्रं?"

"मी वाचतो," रफार आपल्या टेबलावरून म्हणाला. त्याने ते वाचलं, एक अनुस्वार दिला, आणि खाली सही केली. समोरच्या टाचणीवरचं जुनं सदर काढलेलं नव्हतं. त्याच्यावरच हे लावलं. बँकेने एक तृतीयांश अडवून धरलं आहे म्हणाला. शस्त्रक्रिया एका डोळ्याची आधी. "एका डोळ्यानेही तुमच्या चुका दिसतात," असं संपादकांना ऐकवलं. काल अण्णा त्याच्याकडे जाऊन आले. काय बोलले ते दोघांपैकी कुणीच सांगत नाही. रफार एवढंच म्हणाला, "साडेनऊ कमी दिले. दहा द्यायला हवे होते."

रविवार, २९ मार्च

त्या नंबरावरून आता फोन येत नाही.

अण्णा मात्र रोज साडेदहाला इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसतात. फोन शब्दकोशाला टेकवलेला असतो. बंद असतो, मी पाहिलं.

आज सुट्टी. मी ठरवून वही आणि दोन लाल पेनं घेऊन त्यांच्या समोर जाऊन बसलो. म्हटलं, अण्णा, संधी पहिल्यापासून शिकवा. ते खूश झाले, पण दाखवलं नाही. "पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून हं," म्हणाले. इ-चा य पर्यंत आलो आणि कचेरीतून फोन आला. पाईप फुटला होता, रस्ता खचला होता, माझ्याशिवाय कुणाला त्यातलं कळत नाही. मी उठलो. "जा," अण्णा म्हणाले. "जा, काम आहे." घड्याळ पाहिलं, अकरा मिनिटं झाली होती. तो चोर रोज दीड तास बसायचा.

वर्गासाठी या वहीतून निबंध करायचा आहे, बाईंनी मर्यादा दिली आहे, तेव्हा त्यात हे येणार नाही. इथे लिहून ठेवतो. पुन्हा कुणी फोन केला तर अण्णा फसणार नाहीत, याची मला खात्री आहे. ते चोराला ओळखतील. ओळखून बोलत बसतील. मला भीती वाटते ती याची, आणि ती वाटून झाल्यावरही उद्या सकाळी दहाला मी कचेरीत जाणार आहे.